एक पान रोगाचं, अडीच पानं फोटोची

पत्र थोडक्यात:

सोलापूर शहरातल्या एका ताईंचं हे पत्र. नाव, गल्ली, मुलाची कंपनी सगळं गाळलं आहे.

घर माळकरी. मुलगा सहा वर्षांपासून अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन शहराजवळ नोकरीला. नोव्हेंबरच्या शेवटी त्याने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. अंगात भडक नारिंगी जाकीट, गुडघे बर्फात, एक हात मेलेल्या हरणाच्या शिंगावर. ताई लिहितात, "बारक्या स्क्रीनवर आधी वाटलं, पोरानं भगवं उपरणं घेतलंय." ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो शिकारीला गेला होता, आणि आता त्याचा फ्रीझर हरणाच्या मांसाने भरला आहे. दोनच दिवसांनी भाच्याने एक व्हिडिओ पाठवला: अमेरिकेत 'झोंबी हरणं', लाळ गळते, मेंदूला भोकं पडतात, औषध नाही.

मुलगा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी येतो आहे. धाकटी लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा म्हणतो, मामासाठी थोडं वाळवलेलं मांस आणतो, आणि ते शिंगही आणतो, हॉलमध्ये लावू. मामाची वस्ती नान्नजच्या बाजूला, पन्नासेक शेळ्या. काळविटं तिथे हौदावर पाणी प्यायला येतात. गेल्या महिन्यात त्यातलं एक झोकांड्या खात, तोंडाला फेस येऊन बांधावर पडलं आणि मेलं.

ताई विचारतात: मुलाला 'येऊ नको' म्हणू का? आला तर त्याचं ताट, टॉवेल, अंथरूण वेगळं ठेवू का? भावाने शेळ्या विकून टाकाव्यात का? मुलाला फोनवर विचारलं तर तो हसला. "आई, इथं सगळे खातात. काही होत नाही." तेव्हापासून तीन आठवडे दोघांत बोलणं नाही.

ताई,

तुम्हाला रात्री झोप लागत नाही असं लिहिलंय, म्हणून उत्तरं आधी देतो आणि कारणं मागून. मुलाला येऊ द्या. ताट वेगळं नको, टॉवेल नको, अंथरूणही नको. लेकीला आणि होणाऱ्या बाळाला भावाच्या येण्याने या रोगाचा काही धोका नाही. शेळ्या विकायच्या नाहीत. मांस मात्र बॅगेत आणायचं नाही, आणि शिंगही नाही. मुलाचं ते 'काही होत नाही' हे काही मला पटलेलं नाही. त्याच्याकडे येतोच.

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरी संपली तरी लोक अजून शेणाचा फोटो पाठवून विचारतात, त्यामुळे हा विषय तसा माझ्या अंगणातला. व्हिडिओत सांगितलं ते सगळंच खोटं नाही. 'झोंबी' हा शब्द तेवढा पेपरवाल्यांचा. रोगाचं खरं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे आपण ज्याला खंगणं म्हणतो तेच. १९६७ साली कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स इथल्या वन्यजीव संशोधन केंद्रात बांधून ठेवलेली हरणं खंगायला लागली. पुढ्यात चारा, बाजूला पाणी, तरी बरगड्या मोजता येत होत्या. कोंडल्यामुळे होत असेल असं धरून बरीच वर्षं गेली. १९७८ च्या सुमारास मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा स्पंजासारखी छिद्रं दिसली. १९८१ मध्ये तो रानातल्या हरणांत सापडला. तुमच्या मुलाच्या विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला, आणि तोही मॅडिसनच्या जवळच, पश्चिमेला. आज अमेरिकेतल्या तीसहून जास्त राज्यांत आहे, कॅनडात आहे, २०१६ पासून नॉर्वेत आहे. नॉर्वेने तर रोग पसरू नये म्हणून रानटी रेनडिअरचा सुमारे दोन हजारांचा अख्खा कळप मारून टाकला.

एवढा पसरला कसा? थोडा हरणांच्या पायांनी, आणि बराचसा माणसाच्या ट्रकांनी. तिकडे हरणं शेळ्यांसारखी पाळतात, विकतात, या राज्यातून त्या राज्यात नेतात. दक्षिण कोरियात तो पोचला तो कॅनडातून विकत आणलेल्या जनावरांबरोबर. शिकारीसाठी हरणाचं मूत बाटलीत भरून विकतात, नराला भुलवायला. ऐकून हसू येईल, पण रोगाचा अंश लाळेत, मुतात, लेंड्यांत असतो, म्हणून काही राज्यांनी त्या बाटल्यांवरही बंदी घातली.

हा जंतू नाही, हे आधी लक्षात घ्या. जिवाणू नाही, विषाणू नाही. प्रायॉन म्हणजे नुसतं एक प्रथिन, आपल्याही मेंदूत असतं तसलंच, पण घडी चुकलेलं. आपल्याकडे चादरींच्या दुकानात घड्यांची चवड लागलेली असते ना, त्यात एक घडी उलटी पडली आणि तिच्या शेजारची प्रत्येक घडी आपोआप तशीच उलटी होत गेली, असं काहीसं मेंदूत होतं. हे सांगणाऱ्या स्टॅन्ली प्रुसिनर यांना आधी कोणी फारसं मानलं नाही, १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं. प्रायॉनमध्ये मारायला जिवंत असं काही नसतंच, त्यामुळे प्रतिजैविक चालत नाही, लस नाही. आपण समजतो की कुकरच्या दहा शिट्ट्यांत काहीही मरतं. प्रायॉन मरत नाही. वाळवून नाही, खारवून नाही, फ्रीझरमध्ये ठेवूनही नाही. मातीत वर्षानुवर्षं टिकतो. एकदा लागण झालेलं हरीण दीड-दोन वर्षं धडधाकट दिसतं आणि मग काही महिन्यांत झिजून मरतं. वाचलेलं हरीण अजून कोणी पाहिलेलं नाही.

म्हणजे तुमची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. चुकली ती एवढ्यातच, की कोविडच्या काळात अंगवळणी पडलेलं सगळं तुम्ही या रोगाला लावलंत. तो पाहुण्याच्या श्वासातून, कपड्यांतून, एका ताटात जेवल्याने माणसाकडून माणसाकडे जात नाही. मुळात हरणाकडून माणसाला झाल्याचा एकही सिद्ध झालेला रुग्ण आजवर नाही. तिकडे बाधित भागात कित्येक वर्षं लोक हरीण खातायत, आणि दरवर्षी हजारो बाधित हरणं नकळत पोटात जात असावीत असा अंदाज आहे. मुलाने आतापर्यंत चार वेळा खाल्लं असेल तर त्यासाठी करायची तपासणी नाही, घ्यायचं औषध नाही, आणि त्यावर रात्री जागायचंही कारण नाही.

आता मुलाचं वाक्य. हे उत्तर त्याला फॉरवर्ड करणार असाल तर इथून पुढचं करा. 'सिद्ध झालेलं नाही' आणि 'होत नाही' यांत अंतर आहे, आणि ते अंतर ब्रिटनने एकदा मोजून पाहिलंय. १९८६ मध्ये तिथे गाईंना असाच मेंदूचा रोग निघाला. माणसाला धोका नाही असं सरकार सांगत राहिलं. १९९० साली कृषिमंत्र्यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर स्वतःच्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर भरवायचा प्रयत्न केला. मार्च १९९६ मध्ये त्याच सरकारला संसदेत उभं राहून सांगावं लागलं की गोमांसातून माणसांना हा रोग झाला असण्याची शक्यता आहे. एकट्या ब्रिटनमध्ये पावणेदोनशेच्या घरात माणसं गेली, बरीचशी तरुण. हरणाचा प्रायॉन तसा वागेलच असं नाही. मेंढ्यांना असाच एक रोग अडीचशे वर्षांपासून माहीत आहे, तो खाणाऱ्याला झाल्याचं दिसलेलं नाही. माकडांवरच्या प्रयोगांचे निकालही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच अमेरिकेची आरोग्य यंत्रणा सांगते की बाधित निघालेलं जनावर खाऊ नका, आणि जिथे रोग आहे तिथलं हरीण खाण्याआधी तपासून घ्यायचं मनावर घ्या. 'इथं सगळे खातात' म्हणणाऱ्याला त्याच्याच गावचे शहाणे शिकारी काय करतात ते माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ते काय करतात, सांगतो. हरणाच्या घशामागच्या गाठी किंवा मेंदूच्या देठाचा तुकडा तपासतात. मांसाचा तुकडा पाठवून भागत नाही. विस्कॉन्सिनमध्ये सरकारी खातं ही तपासणी फुकट करतं. रस्त्याकडेला ठरलेल्या ठिकाणी पेट्या असतात, तिथे पिशवीत घालून, चिठ्ठी बांधून हरणाचं मुंडकं ठेवून यायचं, निकाल साधारण दोन आठवड्यांत. तेव्हा मुलाला विचारायचा प्रश्न एकच: "मुंडकं कुठंय?" तपासायला दिलं होतं आणि निकाल 'आढळला नाही' असा आला, तर खावं की नाही हे त्याचं तो ठरवेल. ती शंभर टक्के हमी नसते, पण माणूस रस्ता ओलांडतो तोही शंभर टक्के हमी घेऊन नाही. बाधित निघालं तर सगळं टाकायचं. तपासलंच नसेल आणि मुंडकं शिंगांसाठी कुठे उकळत पडलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: फ्रीझर रिकामा कर बाबा. रानात फेकायचं नाही, बंद पिशवीत घालून कचऱ्याच्या गाडीत द्यायचं. मांस खाटकाकडून कापून आणलं असेल तर त्याने एकाच वेळी पाच जणांची हरणं एकत्र कापली होती का, हेही विचारायला हवं. आपल्या तपासलेल्या हरणात दुसऱ्याचं न तपासलेलं मिसळलं, तर त्या निकालाला काय चाटायचंय? पुढच्या वर्षी जाणारच असेल तर रबरी हातमोजे, घरच्या सुऱ्या न वापरणं, मेंदू, मणका, डोळे, प्लीहा यांना हात न लावणं, एवढं तरी. त्याचे शिकारीचे बूट चिखलासकट इकडे येणार नाहीत हेही बघा. तुमच्यासाठी नाही, हरणांसाठी.

ज्या वाचकांची मुलं तिकडे आहेत आणि शिकार करत नाहीत, त्यांनीही मुलांना सांगून ठेवावं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आसपास विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या शिकारीचे नऊ दिवस असतात, आणि त्यानंतर शेजारी प्रेमाने हरणाचा सॉसेज आणून देतात. "तपासलंय का?" असं विचारलं तर तिथे कोणी रागावत नाही.

बॅगेचं म्हणाल तर मामाच्या जिभेचे लाड काजू-बदामावर भागवा. परवान्याशिवाय मांस आपल्याकडे आणता येत नाही, विमानतळावर अडेल. आणि शिंग? साफ केलेलं, वाळलेलं नुसतं शिंग फारसं धोक्याचं नसतं, पण हॉलमध्ये लावायची शिंगं बहुधा कवटीच्या तुकड्यासकट असतात, आणि त्या तुकड्याला आतून काय चिकटलेलं असतं ते तुम्हीच समजा. आपल्या देशात हा रोग आजवर सापडलेला नाही. एका शोभेच्या वस्तूसाठी ती वाट उघडायला नको.

आता भाऊंची वस्ती. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तुम्ही शेवटच्या चार ओळींत उरकलीत.

काळवीट आणि विस्कॉन्सिनचं ते हरीण या दोन वेगळ्या जाती तर आहेतच, कुळंही वेगळी आहेत. मराठीत त्यासाठी छान शब्द आहेत: सारंग आणि कुरंग. चितळ, सांबर हे सारंग; शिंगांना फांद्या, दरवर्षी गळून नवी येतात. काळवीट, चिंकारा हे कुरंग. शिंग बिनफांदीचं, जन्मभराचं. नाती जुळवायची तर काळवीट हे चितळापेक्षा तुमच्या भावाच्या शेळीचं जवळचं. हा खंगण्याचा रोग सारंगांचा आहे. कुरंगांना प्रायॉन शिवतच नाहीत असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये गाईंच्या त्या रोगाने प्राणिसंग्रहालयातले कुडू, न्याला हे कुरंगही मेले होते, पण ते दूषित खाद्यातून. नान्नजच्या माळावर कोण कुणाला हाडांचा चुरा चारतंय?

मग ते काळवीट कशाने गेलं? मी पाहिलेलं नाही, तेव्हा छातीठोक सांगणार नाही. नोकरीत असताना बार्शी रस्त्याच्या एका वस्तीवर असंच एक मादी काळवीट पाहिलं होतं. मान वाकडी, तोंडातून तार धरलेली लाळ, पाय सायकल चालवल्यासारखे हलत होते. लोकांनी लांबून कडं केलेलं, एका आजीने हळद-कुंकू वाहिलेलं. मी वाकून पाहिलं तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. शेजारच्या शेतात औषध लावलेलं बियाणं उघड्यावर सांडलं होतं. विषबाधा. तुमच्या भावाच्या बांधावर तसं असू शकतं. लाळ्या-खुरकूत असू शकतो. मोकाट कुत्र्यांनी पळवून पळवून दमवलेलं असू शकतं, काळविटं त्या धसक्यानेही मरतात. आणि पिसाळलेलं कुत्रं चावलेलं असू शकतं. हे शेवटचं सगळ्यात वाईट. अमेरिकेतल्या रोगाच्या भीतीने तुम्ही जागत होतात, आणि भाऊंनी त्या काळविटाला पाणी पाजायला त्याच्या तोंडाला हात लावला होता हे तुम्ही कंसात लिहिलंत! हाताला जखम, ओरखडा काही होतं का? त्यांना आजच सरकारी दवाखान्यात पाठवा, सगळं खरं सांगू द्या. रेबीजच्या लशीचं काय ते डॉक्टर ठरवतील. महिना झाला म्हणून थांबायचं नाही.

पुढच्या वेळी असं जनावर दिसलं तर हात लावायचा नाही, कुत्र्यांना जवळ येऊ द्यायचं नाही, आणि वनखात्याला १९२६ वर फोन. पुरायचं नाही, ओढून टाकायचंही नाही. काळवीट कायद्याने संरक्षित आहे, मेलेलंसुद्धा. शेळी आजारी पडली तर १९६२ वर फोन केला की पशुवैद्यकाची गाडी येते.

काळविटांपासून शेळ्यांना धोका आहे का, असं भाऊ विचारतात. मी त्यांना उलटं विचारतो: शेळ्यांना पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची, लस दिली का? मंगोलियात २०१६ च्या हिवाळ्यात हा पीपीआर रानातल्या सायगा कुरंगांत शिरला आणि ते हजारोंनी मेले. हौद एक, पाणी एक, तोंडं दोन्हीकडची. लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं बघावं लागत नाही. काळविटांसाठी हौदापासून लांब, दगडांचं वेगळं डबकं करून दिलं तर उत्तमच. विस्कॉन्सिनमध्येही बाधित भागात हरणांना दाणे टाकायला बंदी आहे, कारण हेच: एका ठिकाणी तोंडं जमली की रोगाला हिंडावं लागत नाही.

उरला फोटो.

ताई, मी तुमचं पत्र पुन्हा वाचताना पानं मोजली. चार पानांत रोगाला एक पान. मामाच्या वस्तीला जेमतेम अर्धं. बाकी अडीच पानं त्या फोटोची: जाकीट, बर्फ, हरणाची बाहेर आलेली जीभ, मुलाच्या तोंडावरचं हसू. आणि दुसरीत असताना त्याने मामाच्या वस्तीवर कुत्र्यांनी फाडलेल्या पाडसाला औषधाच्या बाटलीने शेळीचं दूध पाजलं होतं, ते चौथ्या दिवशी गेलं, आणि हा दोन दिवस जेवला नाही. तुम्ही एका जागी 'रोग घरात येईल' असं लिहून 'रोग' खोडलंय आणि वर 'पाप' लिहिलंय. मग 'पाप' खोडून पुन्हा 'रोग'.

तुमच्या घरात माळ आहे. मुलाने प्राणी मारला याचं तुम्हाला दुःख झालं, तर ते दुःख म्हणून सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्याला प्रायॉनचा पुरावा लागत नाही. पण तुम्ही ते रोगाच्या अंगरख्यात घालून पाठवलंत, आणि मुलाने रोगाला उत्तर दिलं. मनातलं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. उद्या त्याने तपासणीचा स्वच्छ निकाल दाखवला तर तुमच्या हातात काय उरेल? तुम्ही दुसरा रोग शोधाल.

त्याच्या बाजूने एक सांगतो, रागावू नका. तिकडे लांडगे, प्यूमा बहुतेक ठिकाणी उरलेले नाहीत, हरणं बेसुमार वाढली आहेत, परवाना काढून मोजक्या दिवसांत होणारी शिकार तिथे कायदेशीर आहे आणि त्याच पैशांतून रानाची देखभालही होते. सहा वर्षं एकट्या राहिलेल्या मुलाला कोणीतरी 'चल आमच्याबरोबर' म्हटलं, हेही त्या फोटोत आहे. हे पटवून घ्या असं मी म्हणत नाही. मलाही तो फोटो भिंतीवर लावावासा वाटला नसता. तुमच्या स्वयंपाकघरात मांस येणार नाही, हॉलमध्ये शिंग लागणार नाही, हे तुम्ही कुठलंही कारण न देता सांगू शकता. घर तुमचं आहे. तो काय खातो हे त्याचं आहे. तुमच्या यजमानांनी म्हटलंय ना, "काही बोलू नकोस, येतोय तर येऊ दे"? अर्धं बरोबर आहे. येऊ द्या, पण बोला.

तिकडे आत्ता आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहेत. रविवारी सकाळी नऊला फोन लावलात तर त्याच्याकडे शनिवारचे रात्रीचे साडेनऊ. जेवण झालेलं असेल, उद्या सुट्टी. आधी पाडसाचं विचारा, त्याला आठवतंय का. मुंडक्याचं नंतर. पण विचारा.